नोकरी सोडून कोकणात धंदा करायचाय? मग राजीनामा सगळ्यात शेवटी

दर मे महिन्यात मला पाच-सहा फोन येतात. समोर बहुतेक वेळा गावी आलेला चाकरमानी असतो. पुण्या-मुंबईत दहा-पंधरा वर्षं नोकरी केलेला, आंबे खाऊन सुस्तावलेला, परतीच्या तिकिटाकडे बघून कासावीस झालेला. प्रश्न एकच असतो, "तू कसं केलंस?" फोनवर ते नीट सांगून होत नाही, म्हणून एकदा लिहून ठेवतो.

मी चौदा वर्षं हिंजवडीत नोकरी केली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये राजीनामा दिला. आज देवगड तालुक्यात आमच्या जुन्या गोठ्याच्या जागी छोटं युनिट आहे. अमृत कोकम, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आमसुलं, फणसपोळी, थोडी काजू. हंगामात अकरा माणसं असतात, एरवी तीन. कमाई अजून जुन्या पगाराच्या निम्म्याला टेकलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. ऐकून फोन ठेवायचा असेल तर आत्ताच ठेवा.

मी बहुतेक कामं उलट्या क्रमाने केली आणि त्यात एक अख्खा हंगाम घालवला. कोकणात हंगाम गेला की वर्ष गेलं. नोकरीत एखादं काम पंधरा दिवस लांबलं तर पगार तारखेला होतोच. इथे एक कागद पंधरा दिवस उशिरा आला तर रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, झाडाखाली कुजतात आणि पुढची संधी थेट पुढच्या मेमध्ये. खालच्या सगळ्या पायऱ्या याच हिशोबाने लावल्या आहेत.

१. नोकरीत असतानाच एक पावसाळा गावात काढा

मेमधलं गाव आणि जुलैतलं गाव ही दोन वेगळी गावं आहेत. मेमध्ये प्रत्येक अंगणात मंडप, पोरं, माशांचा वास. जुलैत आमच्या वाडीतल्या चौदा घरांपैकी पाचांत दिवा दिसतो. वीज गेली की ती कधी येणार हे वायरमन कुठल्या डोंगरावर अडकलाय त्यावर ठरतं. चामड्याच्या पट्ट्याला तीन दिवसांत बुरशी येते, मिठाला पाणी सुटतं, आणि कौलातला थेंब नेमका लॅपटॉपवर पडतो.

मला हा पावसाळा फुकटात मिळाला. मे २०२० मध्ये ई-पास काढून गावी आलो, चौदा दिवस प्राथमिक शाळेत क्वारंटाइन काढलं आणि मग घरूनच काम केलं. तेव्हा गावात कायमचं राहायचं मनात आहे म्हटल्यावर चुलतकाका एवढंच म्हणाले होते, "आधी पावसात रवान बघ."

कंपनी घरून काम करू देत असेल तर जुलै-ऑगस्ट सलग राहा. देत नसेल तर साठवलेली रजा मेमध्ये आंब्यांवर उडवू नका, जुलैसाठी ठेवा. बायको किंवा नवरा, मुलं यांनाही आणा. रेंज कुठल्या खिडकीत येते, रात्री ताप चढला तर डॉक्टर किती किलोमीटरवर आहे, शाळा कशी आहे, हे तेव्हाच कळतं.

आणि संध्याकाळी सातनंतर तुम्ही काय करता तेही बघा. मला "शांतता" हवी आहे असं मी सगळ्यांना सांगत असे. ऑगस्टपर्यंत समजलं की शांतता मला पंधरा दिवस पुरते. हातांनी काहीतरी बनवावं आणि त्यावर आपलं नाव घालावं, ही खरी खाज होती. तुम्हाला नुसती शांतता हवी असेल तर नोकरी ठेवा, गावच्या घराची एक खोली नीट करून घ्या आणि वर्षातून चार वेळा या. धंद्यात शांतता नाही.

२. सातबाऱ्यावर किती नावं आहेत ते मोजा

हे काम मी राजीनाम्यानंतर केलं. तुम्ही दोन वर्षं आधी सुरू करा.

महाभूलेखवर गावाचं नाव आणि गट नंबर टाकला की सातबारा दिसतो. बघण्यापुरता फुकट, पण कामासाठी डिजिटल सहीचा पैसे भरून काढा. आमच्या सातबाऱ्यावर सत्तावीस नावं होती. त्यातली नऊ माणसं हयात नव्हती. एक आत्या डोंबिवलीत, एक चुलतभाऊ बडोद्याला, आणि एका नावाचा माणूस कोण हे वडिलांनाही सांगता येईना. (तो आजोबांच्या मावसभावाचा घरजावई निघाला.) कोकणातल्या बहुतेक घरांची हीच कथा आहे. सामाईक जमिनीत "हा भाग आमचा" असं तोंडी ठरलेलं असतं आणि सगळे ते पाळतातही. पण बँकेला तोंडी वाटप चालत नाही.

क्रम असा ठेवा:

पहिलं, वारस नोंद. मृत खातेदारांचे मृत्यूचे दाखले आणि वारसांची माहिती घेऊन तलाठ्याकडे अर्ज करायचा. वडील गेले असतील आणि तुमचं नाव अजून चढलेलं नसेल तर हे सर्वात आधी. सातबाऱ्यावर नाव असणं म्हणजे तुम्ही शेतकरी असल्याचा पुरावा. कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, त्यामुळे पुढे शेजारचा तुकडा घ्यायचा झाला तरी ते नाव उपयोगी पडतं.

दुसरं, वाटप किंवा हक्कसोड. सगळे राजी असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. कुणाला हिस्सा नकोच असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र. साध्या कागदावरच्या किंवा स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेल्या "संमतीपत्रा"वर विसंबू नका. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलाच दस्त हवा, आणि त्यासाठी त्या माणसाला स्वतः फोटो आणि अंगठ्यासाठी जावं लागतं. स्वतः येणं शक्यच नसेल तर रीतसर कुलमुखत्यारपत्र.

आता ही माणसं एका जागी आणायची कशी? गणपतीत. वर्षातून एकदा सगळे हिस्सेदार एका छपराखाली असतात आणि त्यातल्या त्यात गोड मनःस्थितीत असतात. २०२१ च्या गणपतीत मी वकिलाकडून मसुदे आधीच करून घेतले होते आणि गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसाची दुय्यम निबंधकाकडची वेळ. सुमोत नऊ माणसं बसवून नेली. निघताना आत्या उंबऱ्यावर थांबली. म्हणाली, "सही करूक काय नाय रे, पण उद्या माझ्या झिलाक गावात येवचा झाला तर?" मी तिथेच ठरवलं आणि दस्तात घालून घेतलं की मूळ घर सगळ्यांचं सामाईक राहील, मी फक्त गोठा आणि त्यामागची जागा घेईन. त्यानंतर सह्यांना वेळ लागला नाही. तुम्हीही घर मागू नका. गावच्या घरात प्रत्येकाची एक खोली असते, मग तिथे दहा वर्षांत कुणी झोपलेलं नसो.

दस्त झाला की फेरफार होतो. तलाठी नोंद घालतो, नोटीस निघते, मुदतीत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. माझ्या फेरफाराला एका हिस्सेदाराने हरकत घेतली आणि नवा सातबारा हातात यायला मार्च २०२२ उजाडला. बँकेचं काम त्यानंतर सुरू झालं आणि त्या वर्षीचा हंगाम गेला.

तिसरं, मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून हद्दी कायम करून घ्या. गडगा (दगडी कुंपण) आहे तिथेच हद्द असते असं नाही. जमिनीपर्यंत टेम्पो जाईल असा रस्ता कागदावर आहे का, तेही याच वेळी बघा. चालत जायला पाणंद असणं वेगळं.

जमीन विकत घेणाऱ्यांसाठी दोन सूचना. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा सीआरझेडच्या (किनारी भागातल्या बांधकामावरच्या निर्बंधांच्या) नियमांत येतो आणि खाडीकाठालाही ते नियम लागतात. "सी व्ह्यू" म्हणून विकले जाणारे बरेच तुकडे बांधकामाच्या दृष्टीने नुसते बघायचेच असतात. दुसरं, सातबाऱ्याच्या इतर हक्कांचा रकाना वाचा. कूळ, खाजगी वन, बँकेचा बोजा हे सगळं तिथे बारीक अक्षरात बसलेलं असतं.

३. कंपनीतून निघण्याआधी उरकायची कामं

पगाराची स्लिप हा कागद गेल्यावरच त्याची किंमत कळते. घराच्या कर्जाचा टॉप-अप, क्रेडिट कार्ड, गाडीचं कर्ज, जे काही घ्यायचं असेल ते नोकरीत असतानाच. मी नोकरी सुटल्यावर दोन महिन्यांनी सेकंडहँड टेम्पोसाठी बँकेत गेलो. चौदा वर्षांचं पगार खातं असलेल्या त्याच बँकेने माझ्याकडे मामाचा जामीन मागितला.

पीएफचं खातं तपासा. आधार, पॅन, बँक खातं जोडलेलं आहे का, नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे का, जुन्या कंपन्यांची रक्कम वर्ग झाली आहे का. सलग पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत पीएफ काढला तर त्यावर कर लागतो. पेन्शनच्या भागासाठी दहा वर्षं हा टप्पा आहे. तुमची नऊ वर्षं झाली असतील तर थोडं थांबा.

ग्रॅच्युइटीचंही तसंच. कायम नोकरीत पाच वर्षं भरावी लागतात. हिशोब सोपा आहे: महागाई भत्त्यासह शेवटचा मूळ पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. मूळ पगार ४०,००० आणि नोकरी १० वर्षं असेल तर साधारण २ लाख ३१ हजार. माझ्या छोट्या युनिटच्या पहिल्या हंगामाच्या साखरेचे आणि बाटल्यांचे पैसे यातूनच निघाले.

आरोग्य विमा. कंपनीचा गट विमा शेवटच्या दिवशी संपतो. आधीपासून असलेल्या आजारांना नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच सुरू करा किंवा गट विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, हे निघण्याआधी लेखी विचारा. सिंधुदुर्गातली माणसं मोठ्या दुखण्याला गोव्यात बांबोळीला जातात, नाहीतर कोल्हापूरला. तिथली कोणती रुग्णालयं कॅशलेस यादीत आहेत तेही बघा.

राहता राहिला घरखर्च. "सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा" हा सल्ला शहरातल्या धंद्यासाठी ठीक असेल. इथे किमान अठरा महिन्यांचा ठेवा, आणि धंद्याचं खेळतं भांडवल त्याहून वेगळं. कारण सांगतो. रातांबे रोखीने घ्यावे लागतात, साखर रोखीने, बाटल्या-झाकणं-खोके एकरकमी. हा सगळा पैसा मेमध्ये जातो आणि अमृत कोकमाला खरी मागणी पुढच्या मार्चमध्ये, उन्हाळा लागल्यावर येते. म्हणजे दहा महिने तुमचे पैसे लाल रंगात बाटलीत बसलेले असतात.

आणि जे कुणी उघड सांगत नाही ते सांगतो. पहिली दोन वर्षं माझ्या बायकोची नोकरी चालू होती. घराचा हप्ता तिच्या पगारातून गेला. माझ्या धाडसाचं कौतुक करणाऱ्यांनी ते कौतुक तिला पाठवावं.

४. एक हंगाम घरच्या पडवीत करून बघा

कोकणातला कच्चा माल एकदम येतो. काजू फेब्रुवारी-मार्चपासून, हापूस मार्च ते मे, पिका फणस एप्रिलअखेरपासून, रातांबे एप्रिल ते जून. वेळापत्रक कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात १५ मे ते ७ जून हे तीन आठवडे सगळं अंगावर येतं, कारण त्यानंतर पाऊस. रातांब्याचा भर नेमका पावसाच्या तोंडावर असतो आणि दरवर्षी कित्येक झाडांखाली लाल सडा पडून वाया जातो. धंद्याची संधी तिथेच आहे आणि गोचीही तिथेच.

माझा पहिला प्रयोग मे २०२१ चा. तीनशे किलो रातांबे घेतले. फळ फोडून साल वेगळी, बिया आणि गर टोपात, त्या रसात मीठ घालून साली बुडवायच्या, काढून उन्हात पसरायच्या, पुन्हा बुडवायच्या. रंग काळपट लाल होऊन साल चिवट झाली की आमसूल झालं. तिसऱ्या बुडवणीपर्यंत आलो होतो आणि १६ मेला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. साली रातोरात माजघरात घेतल्या, चटया कमी पडल्या म्हणून आईच्या जुन्या साड्यांवर पसरल्या. वाडीत आठवडाभर वीज नव्हती. चौथ्या दिवशी सालींवर पांढरं बारीक केसासारखं दिसायला लागलं. सगळं उचलून माडाच्या आळ्यात टाकलं. तीनशे किलोत झालेलं नुकसान परवडलं. हेच तीन टनांवर आणि कर्जावर झालं असतं तर मी आज हिंजवडीत असतो.

म्हणून पहिला हंगाम दोनशे-तीनशे किलोंचा. यंत्र घेऊ नका, नावाचा लोगो करू नका. तेवढ्यात हे शिकून घ्या:

- एका माणसाकडून दिवसाला किती फळं फोडून होतात. (माझा अंदाज दुपटीने चुकला होता.)
- वाळवणीसाठी उन्हाखेरीज दुसरी सोय काय. आता माझ्याकडे लाकडावर चालणारा ड्रायर आहे, कारण मेच्या शेवटी सौर ड्रायरही ढगांकडे बघत बसतो.
- अमृत कोकमासाठी सालींच्या साधारण दुप्पट साखर जाते, तेव्हा भाव साखरेचाही धरावा लागतो.

शिकायला दूर जायला नको. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, वेंगुर्ल्याला त्यांचं फळ संशोधन केंद्र आहे, मालवण तालुक्यात किर्लोसला कृषी विज्ञान केंद्र. फळप्रक्रियेची छोटी प्रशिक्षणं होतात. झाडं लावायची असतील तर कोकमाची कलमंच घ्या. बियांपासून केलेल्या रोपांत जवळपास निम्मी नर निघतात आणि ते कळायला सात-आठ वर्षं वाट बघावी लागते.

५. नोंदण्या आणि परवाने

हे काम लोकांना सगळ्यात मोठं वाटतं, खरं तर सगळ्यात सोपं आहे. बरंचसं घरबसल्या होतं.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, आधार आणि पॅनवर, सरकारी संकेतस्थळावर, पूर्ण फुकट. हुबेहूब सरकारी दिसणारी खाजगी पानं दोन-तीन हजार उकळतात. पैसे मागितले की ते पान बंद करा.

अन्न परवाना. मी २०२२ मध्ये घेतला तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीसाठी साधी नोंदणी होती, फी वर्षाला १०० रुपये. आजची मर्यादा अर्ज भरताना पोर्टलवर दिसेल. विहिरीचं पाणी वापरणार असाल तर त्याचा तपासणी अहवाल आधीच करून घ्या.

जीएसटीत आमच्याकडचे लोक हमखास फसतात. मालाच्या विक्रीला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, एवढंच ऐकलेलं असतं. पण करपात्र माल राज्याबाहेर विकायचा असेल तर उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. आणि सिंधुदुर्गाला जवळची मोठी बाजारपेठ कुठली? गोवा. म्हापशाच्या दुकानात वीस बाटल्या ठेवल्या तरी तो आंतरराज्य व्यवहार. मी पहिल्या वर्षी गोव्याच्या दोन दुकानांना नाही म्हटलं, दुसऱ्या वर्षी नोंदणी करून गेलो.

लेबलवर अन्न परवान्याचा क्रमांक, घटक, निव्वळ वजन, कमाल किंमत, उत्पादनाची आणि वापरायची तारीख, शाकाहारी चिन्ह, तक्रारीसाठी पत्ता हे सगळं लागतं. वैधमापन विभागाकडे पॅकिंग करणारा म्हणूनही नोंद करावी लागते. पाच हजार लेबलं छापण्याआधी एक प्रत जाणकाराला दाखवा. माझ्या पहिल्या दोन हजार लेबलांवर निव्वळ वजनच नव्हतं, त्यांच्या पाठी आज हिशोब लिहायला चांगल्या आहेत.

सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकम, वेंगुर्ला काजू आणि हापूस या तिन्हींना भौगोलिक मानांकन आहे. हापूसला ते २०१८ मध्ये मिळालं. पण तुम्ही इथले आहात म्हणून ते चिन्ह लेबलवर छापता येत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं.

एका फायलीत कायम ठेवायचे कागद: आधार, पॅन, सातबारा आणि आठ-अ, ग्रामपंचायतीचा घराचा नमुना ८, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, वीजबिल, पाणी तपासणी अहवाल, उद्यम प्रमाणपत्र, अन्न परवाना, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला असल्यास तो, गेल्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, यंत्रांची कोटेशन्स. सगळ्याच्या पाच-पाच प्रती. झेरॉक्सचं दुकान तालुक्याला आहे आणि तिथली वीज तुमच्या आधी जाते.

६. कर्ज आणि अनुदान

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात मी अर्ज केला तेव्हा उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसत होता. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के अनुदान आणि स्वतःचे १० टक्के; महिला, मागास प्रवर्ग, माजी सैनिक वगैरेंना ३५ टक्के आणि स्वतःचे ५. माझा प्रकल्प ८ लाखांचा होता. ८० हजार माझे, बाकीचे बँकेचे, आणि त्यातले २ लाख अनुदान. हे अनुदान हातात मिळत नाही. ते तीन वर्षं बँकेत तुमच्या नावाने अडकून राहतं आणि युनिट खरंच चालू आहे हे दिसल्यावर कर्जात वळतं होतं. अनुदानाच्या पैशांवर पहिलं वर्ष काढू असा हिशोब करणारे दोघे माझ्या माहितीत आहेत, दोघांची शटरं बंद आहेत.

नवरा-बायकोपैकी एकालाच लाभ मिळतो. बायकोच्या नावावर ३५ टक्के मिळतात म्हणून तिच्या नावे अर्ज टाकणारे पुष्कळ आहेत. ती खरोखर धंदा चालवणार असेल तर उत्तमच. नसेल तर बँकेतल्या मुलाखतीत पहिल्या तीन प्रश्नांत कळतं.

अन्नप्रक्रियेसाठी सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना वेगळी आहे, तिच्यात ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. हिची सध्याची मुदत आणि अटी कृषी विभागाच्या कार्यालयात आणि पहिलीच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, जिल्हा उद्योग केंद्रात समक्ष जाऊन विचारा. एजंटाकडून नको. "फाइल पास करून देतो, दहा टक्के" म्हणणारा माणूस तुम्हाला त्याच इमारतीच्या जिन्यात भेटेल. जिना चढून वर जा.

मंजुरीआधी यंत्र घेऊ नका, ते प्रकल्पात धरलं जात नाही. आणि थ्री फेज विजेचा अर्ज कर्जाच्या अर्जाबरोबरच टाका. माझ्या गोठ्यापर्यंत चार खांब लागणार होते, ते यायला कर्जापेक्षा जास्त वेळ लागला.

७. माणसं

कोकणात माणसं मिळत नाहीत ही तक्रार तुम्ही ऐकली असेल. आंब्याच्या बागा नेपाळी कामगारांवर चालतात हेही खरं आहे. पण फोडणी-वाळवणीचं काम बायकाच करतात आणि हंगामात त्या येतात, तुम्ही त्यांचं पंचांग सांभाळलं तर. पहिल्या वर्षी ऐन जूनमध्ये कामावरच्या मावशी म्हणाल्या, "उद्यापासून आमका जमाचा नाय, तरवो काढूचो आसा." मी पुण्यातल्यासारखा दुप्पट हजेरी द्यायला निघालो. त्या हसल्या. भाताची लावणी हजेरीने अडत नाही. आता मी जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर माणसांचा हिशोबच धरत नाही. शिमगा, गणपती, गावची जत्रा या दिवसांतही नाही.

बचत गटाशी बोला. उमेद या सरकारी अभियानाखाली जवळपास प्रत्येक गावात गट आहेत. माझा फणसपोळीचा सगळा माल एका गटाकडून येतो, आणि त्यांची पोळी माझ्यापेक्षा चांगली असते.

गाव तुम्हाला वर्षभर तपासतं. नोकरी सोडल्याचं कळल्यावर पारावर मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "नोकरी तू सोडलंस, काय नोकरीन तुका सोडल्यान?" हसून सोडून द्या. पालखीला खांदा द्यायला जा, कुणाच्या मयताला जा, युनिट सुरू करताना ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घाला. देवावर विश्वास असो-नसो, गाऱ्हाण्याच्या वेळी सगळं गाव तिथे असतं आणि तुम्ही काय करणार आहात ते गावाला तुमच्या तोंडून कळतं. शहरातून आलेल्याने ग्रामसभेत पहिल्याच वर्षी प्रेझेंटेशन देऊ नये. मी दिलं होतं.

८. विक्री आणि उधारी

पहिले शंभर गिऱ्हाईक तुमच्या जुन्या ऑफिसात आहेत. संकोच करू नका. माझ्या पहिल्या चारशे बाटल्यांपैकी अडीचशे हिंजवडीत गेल्या. काचेच्या बाटल्या कुरियरने पाठवण्याचा हट्ट मी एक वर्ष केला, मग प्लास्टिकवर आलो. पेंढा, पुठ्ठा, बुडबुड्यांचा कागद, सगळं करून पाहिलं, तरी लाल पाझरलेले खोके परत आले.

दुकानदार माल ठेवून घेतो, पैसे "विकला की" देतो. उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उत्पादकाला २००६ च्या सूक्ष्म, लघू उद्योग कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. बिलावर उद्यम क्रमांक आणि "४५ दिवस" ठळक छापा. मोठ्या दुकानांवर त्याचा परिणाम होतो, कारण थकवलेल्या बिलाची रक्कम त्यांना करात त्या वर्षी वजा मिळत नाही. ओळखीच्या छोट्या दुकानदारावर मात्र कायद्याचा काही उपयोग नाही. तिथे जुनी बाकी मिळाल्याशिवाय नवा खोका टेम्पोतून उतरवायचा नाही.

एसटीच्या पार्सलने आणि महामार्गावरच्या खाजगी बसने पुण्या-मुंबईला माल स्वस्तात जातो. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात आणि मेअखेरीस मात्र बसमध्ये माणसांनाच जागा नसते. त्या दिवसांचा माल आधी पाठवून ठेवा.

९. आता राजीनाम्याची तारीख

सातबारा स्वच्छ, एक पावसाळा आणि एक छोटा हंगाम पार पडलेला, विमा सुरू, कर्जाचा अर्ज मंजुरीच्या वाटेवर. इतकं झालं की तारीख काढा, आणि ती फेब्रुवारीपासून उलटी मोजत काढा.

फेब्रुवारीत काजूची बी यायला लागते, तेव्हा शेड उभी आणि वीज जोडलेली हवी. बांधकाम पावसात होत नाही, म्हणजे ऑक्टोबर ते जानेवारी एवढाच काळ हातात. जांभ्याचे चिरे, गवंडी, सुतार, सगळे याच चार महिन्यांत सगळ्यांना हवे असतात, तेव्हा गवंड्याला गणपतीतच विसार देऊन ठेवा. बहुतेक कंपन्यांत नोटीस तीन महिन्यांची असते. मी फेब्रुवारीत राजीनामा दिला आणि मेच्या पहिल्या आठवड्यात, ऐन हंगामात, रिकाम्या हाताने गावात उतरलो. तुम्ही जूनच्या शेवटी द्या. सप्टेंबरअखेर सुटाल, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या कोरड्या आठवड्यात चिऱ्यांचा पहिला ट्रक उतरवून घ्यायला तुम्ही स्वतः अंगणात असाल. चिरे मोजून घ्या, ट्रकमागे दहा-बारा कमीच असतात.